हात, हातोडी आणि माप



धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघाले की सुमारे २० किलोमीटरवर आपले सोनगीर लागते. टेकडीवर जुना किल्ला आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते.

तांबटाच्या हाती आधी काय असते? तांब्याचा सपाट पत्रा. त्याच पत्र्याचा हंडा होतो, घागर होते. पत्रा सपाट, पण भांडे गोल. हे कसे होते, ते ज्याच्या हाताला कळले, त्याच्या हाताला मोटारीचा पत्राही वळवता येतो. आम्ही ही थट्टा करत नाही. जुन्या सामानातून घरच्या घरी मोटार उभी करणारी माणसे जगात आहेत. आपल्या महाराष्ट्रातही आहेत. ती माणसे गाडीचे भाग कसे घडवतात आणि कोणते भाग घरी घडवू नयेत, ते आज पाहू या.

अमेरिकेतली उघडी गाडी

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथली काही तळी उन्हाळ्यात पार आटतात. तळाची माती वाळून फरशीसारखी सपाट होते. १९३० नंतरच्या वर्षांत तिथले तरुण या सपाटीवर मोटारी पळवू लागले. नवी वेगवान गाडी घ्यायला पैसा नव्हता. मग त्यांनी जुन्या फोर्ड गाड्या घेतल्या. फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती. अशा सुमारे दीड कोटी गाड्या बनल्या होत्या. त्यामुळे जुनी गाडी स्वस्तात मिळे.

पोरांनी गाडीचे ओझे कमी केले. मडगार्ड काढले, टप काढला. दुसऱ्या गाडीचे जोरदार इंजिन आणून बसवले. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचे इंजिन स्वस्त गाडीत घातले. पुढे अशी इंजिने भंगारातही मिळू लागली. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले. घरी परतलेल्या पुष्कळ सैनिकांना यंत्राचे काम येत होते. मग हा छंद फार वाढला. अशा गाडीला तिकडे हॉट रॉड म्हणतात. पक्का टप नसलेली, दोन माणसांची उघडी गाडी म्हणजे रोडस्टर.

देवराष्ट्रे गावची गाडी

आता आपल्याकडे या. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे हे गाव आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण १९१३ साली याच गावी जन्मले. इथले दत्तात्रय लोहार लोखंडकाम करणारे. मुलाची हौस पुरवावी म्हणून त्यांनी जीपसारखी एक लहान चारचाकी बनवली. सामान जुन्या गाड्यांच्या भंगारातले. खर्च सुमारे ६० हजार रुपये. मोटारसायकलीला मारतात तशी किक मारली की ही गाडी चालू होई!

डिसेंबर २०२१ मध्ये या गाडीचे चलचित्र देशभर लोकांनी पाहिले. मोटारी बनवणाऱ्या महिंद्र कंपनीचे प्रमुख आनंद महिंद्र यांनीही ते पाहिले. पुढे काय झाले ते शेवटी सांगू. तोवर धीर धरा.

भाग का घडवावा लागतो?

बैलगाडीचे बघा. एका गाडीचा आख दुसऱ्या गाडीच्या साट्याला सहसा बसत नाही. सुताराला लाकूड तासावे लागते, पाचर मारावी लागते. मोटारीचेही तसेच. इंजिन एका गाडीचे, चाके दुसरीची, सांगाडा तिसरीचा. भोकाला भोक जुळत नाही. इंजिन सांगाड्यावर धरून ठेवायला मधे लोखंडी पट्टीचा हात लागतो. त्याला ब्रॅकेट म्हणतात. तुमच्या गाडीला बसेल असा ब्रॅकेट दुकानात तयार नसतो. तो मापाने घडवावा लागतो.

पहिले काम पुठ्ठ्याचे. ताई, पोलके शिवताना तुम्ही आधी कागद कापता ना? तसेच इथेही. जागेवर पुठ्ठा धरायचा, आकार काढायचा, कापायचा, पुन्हा धरून पाहायचा. पुठ्ठा चुकला तर चार आण्याचे नुकसान नाही. पत्रा चुकला तर पैसा गेला. पुठ्ठा बरोबर बसला की तो लोखंडावर ठेवून खूण करायची. भोकाच्या जागी आधी टोकदार पंच मारून खळगा करायचा. खळगा नसेल तर ड्रिल घसरते आणि भोक भलतीकडे पडते.

पत्रा कसा वळतो?

पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात. इथे एक गंमत आहे. आकडा मोठा, तर पत्रा पातळ. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो. २२ गेजचा सुमारे ०.७ मिलिमीटर. दुकानदाराला नुसते 'जाड द्या' म्हणू नका, आकडा सांगा.

पत्र्यावर ठोका पडला की तिथला धातू पातळ होतो आणि पसरतो. पोळी लाटताना नुसती कड लाटली तर कडेला लाटा येतात. मधेच लाटले तर मधला भाग फुगतो. पत्र्याचेही तसेच. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने मधे ठोकत गेले की वाटीसारखा खोलगट आकार येतो. चाकावरचे गोल मडगार्ड याच रीतीने वळते.

फार ठोकले की पत्रा कडक होतो. तरी ठोकत राहिले तर तो चिरतो. तांबट काय करतो? पत्रा भट्टीत लालसर तापवतो. तांबे पुन्हा मऊ होते. लोखंडी पत्र्यालाही असाच ताव देतात, पण तो हळूहळू निवू द्यायचा. घाईने पाणी ओतायचे नाही.

बादलीचा काठ पाहा. काठात तार घालून पत्रा तिच्यावर वळवलेला असतो. त्यामुळे काठ हाताला कापत नाही आणि बादली दबत नाही. जुन्या मोटारींच्या मडगार्डचा काठही असाच तार घालून वळवत. विलायतेतला कारागीर आणि आपल्या गावचा कारागीर एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण धातूने दोघांना एकच धडा दिला.

सांगाडा आणि गुण्या

गाडीचा सांगाडा म्हणजे तिचा पाठीचा कणा. तो काटकोनात हवा. गवंडी घराचा पाया आखताना काय करतो? एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतो. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले की कोपरा काटकोनात. सांगाड्यालाही हीच युक्ती चालते. आणखी एक तपासणी करा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या, तर एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून मोजा. दोन्ही मापे सारखी हवीत. ती वेगळी आली तर सांगाडा तिरका झाला. तिरक्या सांगाड्याची गाडी एका बाजूला ओढते आणि टायर लवकर झिजतात.

वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते. म्हणून एकदम पुरी जोड मारू नये. शिंपी आधी कच्चे टाके घालतो, मग शिलाई मारतो. तसेच आधी चार ठिकाणी लहान टाके मारायचे. पुन्हा मापे घ्यायची. मग पक्की जोड, तीही थोडी इकडे, थोडी तिकडे.

आमचा हात मोडला

एक गोष्ट आमच्यावर बेतली, ती सांगतो. नोकरीत असताना आमच्या सायकलचा पुढचा चिमटा तडकला. नवा घ्यायचा तर पैसे लागत होते. एका कारखान्यात वेल्डिंग करून घेतले. वरून काळा रंग दिला. चिमटा नव्यासारखा दिसू लागला. आम्ही खूश! चौथ्या दिवशी उतारावर तो त्याच जागी तुटला. आम्ही तोंडावर पडलो आणि उजवा हात मोडला. दीड महिना फळ्यावर खडू धरता आला नाही.

तुटलेला तुकडा आम्ही नंतर नीट पाहिला. जोड नुसती वरवरची होती. आत लोखंड लोखंडाला भिडलेच नव्हते. रंगाने दोष झाकला होता. चूक एकट्या कारागिराची नव्हती. 'दादा, या भागावर जीव अवलंबून आहे, हा जोडून चालेल का?' हे आम्ही विचारलेच नाही. मुलांना रोज प्रश्न विचारणारे आम्ही, स्वतः एक प्रश्न विचारायला विसरलो.

कोणता भाग घडवू नये?

म्हणून ही खूणगाठ बांधा. जो भाग मोडला तर नुसती गाडी थांबते, तो घरी घडवायला हरकत नाही. जो भाग मोडला तर माणूस मरतो, तो अंदाजाने घडवू नका. मडगार्ड, बॉनेट, आसनाची बैठक, पेटी, हे भाग हाताने करा. ब्रेक, स्टिअरिंगचे दांडे, चाकाचा आख, हे भाग कारखान्यातले, तपासलेलेच घ्या.

बोल्टसुद्धा पारखून घ्या. पक्क्या बोल्टच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. आकडा मोठा, तर बोल्टची ताकद जास्त. आकडा नसलेला साधा बोल्ट स्टिअरिंगला लावू नये. ज्याला आकडा वाचता येत नाही, त्याला दोन्ही बोल्ट सारखेच!

काम करतानाही जपा. वेल्डिंगचा प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहू नका, काच धरा. पेट्रोलच्या जुन्या टाकीला वेल्डिंग लावू नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि तिचा स्फोट होतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका. त्याने ताप भरतो.

कायदा काय सांगतो?

आता देवराष्ट्र्याची गोष्ट पुरी करू. आनंद महिंद्र यांनी लोहारांचे कौतुक केले. पण त्यांनी एक खरी गोष्टही सांगितली. ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे अधिकारी आज ना उद्या ती अडवतील. म्हणून तिच्या बदल्यात नवी बोलेरो देण्याचे त्यांनी जाहीर केले. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि त्यांची गाडी महिंद्रांच्या संग्रहात गेली.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. नोंदणी नसलेली मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदलही करता येत नाही. कारखानदारालाही गाडीचा नवा नमुना आधी तपासून घ्यावा लागतो. अशी तपासणी करणारी एक मोठी संस्था, एआरएआय, पुण्यात आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. कायदा हुशारीच्या आड येत नाही. समोरून येणाऱ्या माणसाचा जीव वाचावा, म्हणून तो आहे.

वही ठेवा

तुम्ही म्हणाल, 'गुरुजी, आम्हांला मोटार थोडीच करायची आहे?' खरे आहे. पण कोणी फवारणीच्या पंपाला गाडा करील, कोणी ट्रॉलीची फळी बदलील, कोणी चुलीला धुराडे करील. माप सगळीकडे एकच. पूर्वी कारागीर माप डोक्यात ठेवी, नाहीतर दोरीला गाठ मारी. तो गेला की माप त्याच्याबरोबर जाई. आता तुम्हांला लिहिता येते. म्हणून असे लिहून ठेवा:

भाग: मडगार्ड, डावे.
पत्रा: लोखंडी, २० गेज.
लांबी: ७५० मिलिमीटर.
भोके: ४, प्रत्येकी ८ मिलिमीटर.
काय चुकले: काठाला पत्रा कमी पडला. पुढच्या वेळी १५ मिलिमीटर जास्त घ्यावा.

यातली शेवटची ओळ सर्वांत मोलाची. आपली चूक जो लिहून ठेवतो, त्याच्या मुलाला तीच चूक पुन्हा करावी लागत नाही. तुमच्या हाती कसब आधीपासून आहे. आता लेखणीही आली आहे. दोघींची जोड पक्की करा, आणि ती वरवरची नको!

प्रश्न

१. १८ गेज आणि २२ गेज यांपैकी कोणता पत्रा जाड?
२. पत्रा ठोकून कडक झाला तर काय करावे?
३. कोपरा काटकोनात आहे की नाही, ते कसे पाहाल?
४. तुमच्या घरातली एखादी पेटी किंवा चौकट मोजा. तिची मापे वहीत लिहा.