ब्रेडबोर्ड अडॅप्टरच्या साहाय्याने मायक्रोकंट्रोलरमध्ये आज्ञावली भरणे

रोपवाटिकेतील गादीवाफ्यास पाणी कमी पडल्यास कोवळी रोपे सुकतात आणि अधिक झाल्यास ती बुडाशी कुजून कोलमडतात. हे टाळण्यासाठी जमिनीतील ओल मोजून पंप आपोआप चालू व बंद करणारे लहान यंत्र काही होतकरू शेतकरी स्वतःच जुळवितात. या यंत्राचा कारभार मायक्रोकंट्रोलर नावाच्या एका लहान चिपकडे असतो. ओल किती उतरली असता पंप सुरू करावा, हे तिला आज्ञावलीच्या रूपाने सांगावे लागते.

परंतु आज्ञावली एकदाच भरून भागत नाही. काळ्या जमिनीत व मुरमाड जमिनीत ओल मोजणाऱ्या सेन्सरचे व्होल्टेज निराळे येते. वाफसा असताना ते किती असते, हे प्रत्यक्ष त्याच मातीत पाहून आज्ञावली दोन-चार वेळा सुधारावी लागते. प्रत्येक वेळी चिप उपटून काढल्यास तिच्या पिना वाकतात व अखेर मोडतात. चिप जागेवर ठेवूनच आज्ञावली बदलण्याची सोपी व स्वस्त सोय म्हणजे ब्रेडबोर्ड अडॅप्टर होय. येथे ८ पिनांच्या एटीटायनी८५ या चिपचे उदाहरण घेऊन त्याची कृती दिली आहे.

ब्रेडबोर्डची रचना

पूर्वी पाश्चात्त्य देशांतील रेडिओचे हौशी कारागीर पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून जोडणी करीत. त्यावरून हे नाव पडले. आजचा ब्रेडबोर्ड प्लॅस्टिकचा असून त्यावर २.५४ मिलिमीटर अंतराने छिद्रे असतात. एका आडव्या ओळीतील पाच छिद्रे आतून धातूच्या पट्टीने एकमेकांस जोडलेली असतात. मध्यभागी एक चर असून चिप त्या चरावर बसवितात. त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंच्या पिना परस्परांपासून अलग राहतात.

अडॅप्टरची आवश्यकता

संगणकातील आज्ञावली चिपपर्यंत पोचविणाऱ्या उपकरणास प्रोग्रॅमर म्हणतात. त्याच्या चपट्या केबलच्या टोकास सहा पिनांचे सॉकेट असते. या पिना तीन-तीनच्या दोन रांगांत असतात. टोक दहा पिनांचे असल्यास दहाचे सहा करणारा लहान तुकडा बाजारात मिळतो.

दोन रांगांची ही जोडणी ब्रेडबोर्डवर सरळ खोचता येत नाही. समोरासमोरच्या दोन पिना पाच छिद्रांच्या एकाच ओळीत येतात व एकमेकींस चिकटल्यासारख्या होतात. जोडणी आडवी फिरविली तर तीन पिना एकत्र येतात. मधल्या चरावर ठेवावी तर चर रुंद आणि रांगांमधील अंतर अरुंद, म्हणून तेही साधत नाही. अडॅप्टर या दोन रांगांतील सहा पिना एका सरळ रांगेत आणतो. मग प्रत्येक पिनेस स्वतंत्र ओळ मिळते.

सहा सुट्या तारा लावूनही हे काम होते. परंतु घाईत तारांची अदलाबदल होते. २ व ६ क्रमांकांच्या तारा उलटल्यास विद्युतपुरवठा उलटा होऊन चिप तापते व जळू शकते. अडॅप्टरमध्ये तारांचा क्रम कायमचा ठरलेला असल्याने ही चूक टळते.

जोडणीचा क्रम

चिपवरील ठिपका पहिली पिन दर्शवितो. वरून पाहता तेथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पिना मोजाव्यात. अडॅप्टरच्या पिना चिपला पुढीलप्रमाणे जोडाव्यात.

१. मिसो (चिपकडून येणारे उत्तर) : चिपची पिन ६
२. धन विद्युत : चिपची पिन ८
३. एससीके (दोघांस एका लयीत ठेवणारा ठेका) : चिपची पिन ७
४. मोसी (चिपकडे जाणारी आज्ञा) : चिपची पिन ५
५. रीसेट : चिपची पिन १
६. ग्राउंड : चिपची पिन ४

चिपच्या ८ व ४ या पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर शक्य तितका जवळ लावावा. ओलीचा सेन्सर पिन ३ वर आणि पंपाचा रिले पिन २ वर घेणे हितावह असते. तसे केल्याने आज्ञावलीच्या पिना मोकळ्या राहतात व दर वेळी तारा काढाव्या लागत नाहीत.

आज्ञावली उतरविण्याची कृती

प्रथम संगणकाशी जोड न करता मल्टीमीटरने प्रत्येक तार तपासावी. धन व ग्राउंड एकमेकांस लागलेले नाहीत, याची खात्री करावी. प्रोग्रॅमर विद्युत पुरवीत असेल तर यंत्राची बॅटरी काढून ठेवावी. दोन पुरवठे एकाच वेळी जोडू नयेत.

त्यानंतर प्रोग्रॅमर संगणकास जोडून एव्हीआरड्यूड या सॉफ्टवेअरने केवळ चिपची ओळखखूण वाचावी. एटीटायनी८५ ची खूण १ई-९३-०बी अशी आहे. ती बरोबर आली म्हणजे सहाही तारा योग्य जागी आहेत असे समजावे. खूण बरोबर आल्यावाचून आज्ञावली भरू नये. या चिपच्या स्मृतीत आज्ञावलीसाठी ८ किलोबाइट जागा असून ती सुमारे १०,००० वेळा पुसून लिहिता येते. त्यामुळे सुधारणा करण्यास संकोच बाळगण्याचे कारण नाही.

दोष व उपाय

ओळखखूण ००-००-०० किंवा एफएफ-एफएफ-एफएफ अशी आल्यास बहुधा एखादी तार सैल असते अथवा चिप उलटी बसलेली असते. जोडणी निर्दोष असूनही उत्तर न आल्यास प्रोग्रॅमरचा वेग कमी करावा. कारखान्यातून आलेली नवी चिप १ मेगाहर्ट्झ वेगाने चालते. प्रोग्रॅमरचा ठेका त्याच्या चौथाईहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून, कमी असावा लागतो.

चिपमध्ये फ्यूज नावाच्या काही निवडी असतात. त्यांपैकी रीसेट पिन बंद करणारी निवड चुकूनही करू नये. ती केल्यास या सहा तारांनी चिपशी पुन्हा संपर्क साधता येत नाही. त्यासाठी उच्च व्होल्टेजचा निराळा प्रोग्रॅमर लागतो.

दक्षता

आज्ञावली भरताना चिपच्या पिनांवरील विद्युत बदलते व रिले अकस्मात ओढला जाण्याचा संभव असतो. अशा वेळी पंप सुरू झाल्यास जवळच्या माणसास इजा होऊ शकते किंवा वाफा पाण्याखाली जातो. म्हणून पंपाचा मुख्य स्विच आधी बंद करावा. पंपाची २३० व्होल्टची किंवा थ्री-फेजची तार ब्रेडबोर्डवर कदापि आणू नये. तो भाग परवानाधारक वीजतंत्रीकडूनच जोडून घ्यावा.

ब्रेडबोर्ड हे तालमीचे स्थान आहे, शेतातील मुक्कामाचे नव्हे. दमट हवा व धूळ यांनी त्यातील पकड सैल होते. आज्ञावली मातीशी जुळली की सर्व जोडणी झीरो पीसीबीवर डाख देऊन पक्की करावी व बंद डब्यात ठेवावी. तेथेही सहा पिनांची जोडणी अवश्य ठेवावी. पुढील हंगामात दुसऱ्या जमिनीवर रोपवाटिका घालण्याची वेळ आली, तर चिप न उपटता नवी आज्ञावली भरता येईल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही कृती आधी स्वतः एकदा करून पाहावी आणि मगच शेतकरी बंधूंना तिचे प्रात्यक्षिक दाखवावे.