अकरा किलोमीटर खाली

(समुद्राच्या तळाशी डोंगर आहेत, मैदाने आहेत आणि अतिशय खोल दऱ्याही आहेत. या दऱ्यांना सागरी गर्ता म्हणतात. जगातील सर्वांत खोल गर्तेच्या तळाशी दोन माणसे प्रथम कशी पोहोचली आणि ही गर्ता तयार कशी झाली, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी काहींनी समुद्र रोज पाहिला असेल, काहींनी तो फक्त चित्रात पाहिला असेल. मराठीत समुद्राला 'दर्या' असेही म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. पण गंमत पाहा, उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी आणि मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र! फारसीतला एकच शब्द दोन भाषांत गेला आणि त्याचे दोन अर्थ झाले. समुद्रावर वावरणाऱ्या माणसाला मराठीत 'दर्यावर्दी' म्हणतात.

हा दर्या किती खोल आहे? मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेकडे सुमारे १६० किलोमीटर गेले की मुंबई हाय हे तेलक्षेत्र लागते. १९७४ साली तेथे खनिज तेल सापडले. किनाऱ्यापासून इतक्या दूरही पाणी फक्त ७५ मीटरांच्या आसपास खोल आहे. म्हणजे तेथे पंचवीस मजली इमारत उभी केली तर ती जेमतेम बुडेल. किनाऱ्याला लागून असलेल्या या उथळ भागाला समुद्रबूड जमीन म्हणतात. तिची कड संपली की तळ एकदम खाली उतरतो. हा खंडान्त उतार. त्यापुढे तीन ते सहा हजार मीटर खोलीवर विस्तीर्ण सागरी मैदाने पसरलेली आहेत.

कढईचा मध्यभाग सर्वांत खोल असतो. समुद्राचे मात्र तसे नाही. महासागरांच्या मध्यभागी पुष्कळ ठिकाणी उंच पर्वतरांगा आहेत आणि सर्वांत खोल जागा कडेला, बेटांच्या आणि खंडांच्या जवळ आहेत. पॅसिफिक महासागराच्या पश्चिम भागात मारियाना नावाची बेटे आहेत. त्यांच्या पूर्वेला आणि दक्षिणेला चंद्रकोरीच्या आकाराची, सुमारे २,५०० किलोमीटर लांबीची एक गर्ता आहे. तिच्या दक्षिण टोकाकडील सर्वांत खोल भागाला 'चॅलेंजर डोह' म्हणतात. त्याची खोली १०,९०० मीटरांहून अधिक आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. अशी सहा शिखरे एकावर एक ठेवली तरी डोह भरायला अर्धे शिखर कमीच पडेल. एव्हरेस्ट त्यात ठेवले, तर त्याच्या माथ्यावर दोन किलोमीटर पाणी राहील.

ही खोली माणसाने मोजली कशी? आपल्याकडील कोळी बांधव पाण्याची खोली 'वाव' या मापाने सांगतात. दोन्ही हात पसरले की होणारी लांबी म्हणजे एक वाव. पूर्वी सर्व देशांचे खलाशी अशाच मापाने खोली मोजत. दोरीला वजन बांधायचे आणि ती तळाला टेकेपर्यंत सोडत राहायचे. 'चॅलेंजर' नावाचे इंग्रजांचे जहाज १८७२ ते १८७६ या काळात सागराचा अभ्यास करत जगभर फिरले. २३ मार्च १८७५ रोजी मारियाना बेटांच्या नैर्ऋत्येला या जहाजाने दोर सोडला. तो ४,४७५ वाव, म्हणजे आठ हजार मीटरांहून अधिक खाली गेला. जहाजावरील लोक चकित झाले. पुढे दोराची जागा आवाजाने घेतली. आवाज पाण्यातून एका सेकंदात सुमारे दीड किलोमीटर जातो. जहाजावरून सोडलेला आवाज तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजले की खोली कळते. १९५१ साली 'चॅलेंजर' याच नावाच्या दुसऱ्या जहाजाने या युक्तीने या डोहाची खोली जवळजवळ ११ किलोमीटर असल्याचे दाखवले.

मोजणे वेगळे आणि तेथे जाणे वेगळे. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार वाढतो. चॅलेंजर डोहाच्या तळाशी हा भार एक टनाहून अधिक होतो. बोटाच्या नखाएवढ्या जागेवर एक मोटारगाडी उभी आहे अशी कल्पना करा! शिवाय तेथे गडद अंधार असतो आणि पाणी बर्फासारखे थंड असते.

ओग्युस्त पिकार नावाचे एक स्विस शास्त्रज्ञ होते. १९३१ साली ते फुग्यात बसून जवळजवळ १६ किलोमीटर उंच गेले होते. वर जाणारा हा माणूस पुढे खाली जाण्याचा विचार करू लागला. फुगा हवेत तरंगतो, तसाच फुगा पाण्यात का तरंगू नये? पण पाण्यातल्या फुग्यात हवा भरून चालणार नाही; ती दाबाने चेपून जाईल. म्हणून त्यांनी पेट्रोल निवडले. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते आणि दाबाने फारसे चेपत नाही. पेट्रोलने भरलेली एक लांबलचक टाकी, तिच्याखाली माणसांना बसण्यासाठी जाड पोलादी गोळा, असे हे वाहन इटलीत तयार झाले. त्याचे नाव 'त्रिएस्ते'. गोळ्याची भिंत सुमारे १३ सेंटिमीटर जाड होती आणि आत दोन माणसे कशीबशी मावत. खाली जाताना वजनासाठी कित्येक टन लोखंडी छर्रे बरोबर असत. हे छर्रे विजेच्या चुंबकाने धरून ठेवलेले असत. वर यायचे झाले की वीज बंद करायची. छर्रे गळून पडत आणि वाहन हलके होऊन वर येई. वीज आपोआप गेली तरीही छर्रे पडणारच. बिघाड झाला तर माणूस वर यावा, खाली अडकू नये, अशी ही योजना होती. मला या वाहनातली हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

१९५८ साली अमेरिकेच्या नौदलाने 'त्रिएस्ते' विकत घेतले. २३ जानेवारी १९६० रोजी सकाळी ओग्युस्त यांचा ३७ वर्षांचा मुलगा झाक पिकार आणि नौदलातील २८ वर्षांचा अधिकारी डॉन वॉल्श त्या गोळ्यात उतरले. ग्वाम बेटापासून वाहन ओढत आणताना खवळलेल्या समुद्राने त्याला बरेच धक्के दिले होते. तरीही दोघांनी निघायचे ठरवले.

वाहन हळूहळू खाली जाऊ लागले. पाण्याचा निळा रंग करडा झाला, मग काळा. आत गारठा वाढू लागला. तास गेले. नऊ हजार मीटरांची खोली ओलांडल्यावर एकाएकी मोठा आवाज झाला. सगळे वाहन हादरले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांनी सर्व उपकरणे तपासली. गोळ्यात पाणी येत नव्हते, वाहन ठरल्या वेगाने खाली जात होते. कशाचा आवाज झाला ते मात्र कळेना. परत फिरायचे की पुढे जायचे? त्यांनी पुढे जायचे ठरवले.

दुपारी एकच्या सुमारास, निघाल्यापासून जवळजवळ पावणेपाच तासांनी, 'त्रिएस्ते' तळाच्या मऊ गाळावर टेकले. वॉल्श यांनी पाण्यातून बोलण्याच्या यंत्रावरून वरच्या जहाजाला तसे कळवले. त्यांचा आवाज वर पोहोचायला सुमारे सात सेकंद लागले. तळाला टेकताच गाळाचा एवढा ढग उठला की एकही छायाचित्र घेता आले नाही.

मग वॉल्श यांनी मागच्या लहान खिडकीतून पाहिले आणि त्या आवाजाचे कारण सापडले. वरून गोळ्यात येण्यासाठी एक उभा बोगदा होता. त्या बोगद्याच्या खिडकीला तडा गेला होता. प्रवासात हा बोगदा पाण्याने भरलेला असे, त्यामुळे खाली असताना लगेच धोका नव्हता. धोका वर आल्यानंतर होता. समुद्राच्या पृष्ठभागावर आल्यावर हवा सोडून बोगद्यातले पाणी बाहेर काढायचे आणि मगच दार उघडायचे. खिडकी फुटली असती तर पाणी निघाले नसते आणि समुद्रावर तरंगत असूनही दोघे गोळ्यातच कोंडले गेले असते. त्यांनी तळाशी फक्त २० मिनिटे काढली आणि छर्रे सोडले. सव्वातीन तासांनी वाहन वर आले. त्यांनी बोगद्यात अगदी सावकाश हवा सोडली. तडा गेलेली खिडकी टिकली. थोड्या वेळाने दोघे मोकळ्या हवेत उभे होते.

तळाशी आपण एक चपटा मासा पाहिला, असे पिकार यांनी सांगितले. सर्व जगात ही बातमी पसरली. पण पुढे शास्त्रज्ञांना शंका आली. आजपर्यंत सर्वांत खोल पाण्यात टिपलेला मासा २०२२ साली जपानजवळच्या एका गर्तेत ८,३३६ मीटरांवर दिसला. याहून फार खोल पाण्यात माशाचे शरीर तग धरू शकत नाही, असे आता मानले जाते. पिकार यांनी बहुधा दुसराच एखादा प्राणी पाहिला असावा. धाडसी माणसाचे डोळेही चुकू शकतात. कोळंबीसारखे छोटे जीव मात्र त्या तळाशी खरोखर राहतात. आणि १९९८ साली याच गर्तेत १०,८९८ मीटर खोलीवर आणखी एक वस्तू दिसली, ती म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी! माणूस तेथे क्वचित गेला, त्याचा कचरा मात्र पोहोचला.

आता ही गर्ता तयार कशी झाली ते पाहू. पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे बनले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. महासागरांच्या मध्यावरील पर्वतरांगांत खालून तप्त शिलारस वर येतो आणि नवा तळ तयार होतो. अटलांटिक महासागरातील अशा पर्वतरांगेच्या माथ्यावर लांबच लांब खचदरी आहे, हे मेरी थार्प या अमेरिकन बाईंनी नकाशे काढताना १९५२च्या सुमारास ओळखले. त्या काळी स्त्रियांना संशोधनाच्या जहाजावर घेत नसत. पुरुषांनी आणलेल्या मोजमापांवरून त्या कार्यालयात बसून नकाशे काढत. त्यांचे म्हणणे सहकाऱ्याने आधी हसण्यावारी नेले, पण ते खरे ठरले.

नवा तळ तयार होतो, मग जुना कोठे जातो? तो गर्तांमध्ये जातो. मारियानाजवळ पॅसिफिकचा तळ १५ कोटी वर्षांहून जुना आहे. इतक्या काळात तो थंड आणि जड झाला आहे. शेजारच्या भूपट्टाखाली तो वाकून शिरतो. जेथे तो वाकतो तेथे गर्ता पडते.

हे सरकणे नेहमी शांतपणे होत नाही. दोन भूपट्ट एकमेकांत अडकतात, ताण साठत जातो आणि कधीतरी तो एकदम सुटतो. हिंदी महासागरात इंडोनेशियाच्या सुमात्रा आणि जावा बेटांना लागून अशीच गर्ता आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. समुद्राचा तळ उचलला गेला आणि त्सुनामीच्या लाटा उठल्या. तमिळनाडूचा किनारा, अंदमान-निकोबार, श्रीलंका, इंडोनेशिया येथे लाखो कुटुंबे उद्ध्वस्त झाली. भारताचे दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरांहून अधिक खचली. तेथील दीपगृहाच्या पायाशी समुद्र आला.

पिकार आणि वॉल्श यांच्यानंतर ५२ वर्षे चॅलेंजर डोहात कोणीही माणूस उतरला नाही. २०१२ साली चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन एकटे तेथे जाऊन आले. जून २०२० मध्ये कॅथी सुलिव्हन तेथे पोहोचल्या. त्या पूर्वी अंतराळातही चालल्या होत्या. त्याच महिन्यात आणखी एक माणूस तेथे उतरला. त्याचे नाव केली वॉल्श. तडा गेलेल्या खिडकीतून साठ वर्षांपूर्वी ज्यांनी पाहिले, त्या डॉन वॉल्श यांचा तो मुलगा. वडील तेव्हा ८८ वर्षांचे होते.

शब्दार्थ
गर्ता – समुद्रतळावरील खोल, अरुंद दरी. विस्तीर्ण – खूप पसरलेले. शिलारस – वितळलेला खडक. तग धरणे – टिकून राहणे. हसण्यावारी नेणे – महत्त्व न देणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'वाव' म्हणजे काय?
(आ) 'त्रिएस्ते'च्या टाकीत हवेऐवजी पेट्रोल का भरले होते?
२. बोगद्याच्या खिडकीला तडा गेल्यामुळे कोणता धोका निर्माण झाला होता, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. 'दर्या'सारखे मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आढळणारे पाच शब्द शोधा. त्यांचे अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते लिहा.