जुना फोन निर्दोष होता

तुळिंज रोडवरच्या त्या दुकानदाराने माझा फोन धड हातातही घेतला नाही. "ताई, डबा झालाय हा. सॉफ्टवेअर मारावं लागेल, नाहीतर नवा घ्या," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. फोनमध्ये मी शिवलेल्या ब्लाउजांचे सगळे फोटो. सॉफ्टवेअर मारल्यावर त्यातला एकही उरला नसता, पण हे मी विचारेपर्यंत त्याने सांगितलं नाही. वर म्हणतो, "बॅकअप तुम्ही घ्यायचा असतो." अहो, बॅकअप होत नाही म्हणूनच तर आले होते!

फोनमधले फोटो नव्या लॅपटॉपवर उतरवताना फोल्डरची हिरवी पट्टी जागची हलत नव्हती. घरी येऊन आरीवर्कचा एक लांबलचक व्हिडिओ पाठवून पाहिला. तो भराभर गेला! म्हणजे वायर ठीक, फोनही ठीक. अडत होती ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बारीकबारीक फोटोंची रास. २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून बहुतेक फोन पेनड्राइव्हसारखे उघडत नाहीत, एमटीपी पद्धतीने जोडले जातात. तिच्यात एक फाईल पुरती गेल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. हजारो फाईली म्हणजे हजारदा थांबणं. एवढं त्या दुकानदाराला ठाऊक नसेल?

तुमचंही असंच अडलं, तर आधी एकच मोठी फाईल पाठवून बघा. ती झटकन गेली, तर फोनमध्येच फोल्डरची झिप फाईल करून पाठवा, किंवा फोटो मेमरी कार्डावर घेऊन कार्ड रीडरने उतरवा. मात्र कार्ड 'इंटर्नल' म्हणून फॉरमॅट केलेलं असेल, तर लॅपटॉप ते वाचणार नाही, उलट फॉरमॅट करू का विचारेल. चुकूनही हो म्हणू नका.

मोठी फाईलही रखडली तर वायर बदला, मधला हब काढा. फोन दिसतच नसेल, तर फोनवर 'फाईल ट्रान्सफर' निवडलंय का बघा. स्वस्त वायरींत कधीकधी नुसत्या चार्जिंगच्याच तारा असतात. जुन्या फोनचं यूएसबी २.० असेल, तर लॅपटॉप कितीही नवा असो, कागदावरसुद्धा सेकंदाला ४८० मेगाबिटच्या वर वेग मिळत नाही. फाईली कट करू नका, कॉपी करा. बॅकअप वेळच्या वेळी घ्या.

आणि दुकानात गेलातच, तर पहिला प्रश्न हाच विचारा: माझे फोटो राहतील का? सरळ उत्तर मिळालं नाही, तर फोन उचला आणि चालू लागा. तुळिंजमध्ये दुकानांची कमी नाही.