हिवाळ्यातला पाऊस आणि खानदेशची थंडी

हिवाळा सुरू झाला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे रविवारी शेतावर भरिताचा बेत ठरतो. वांगी येतात, कपाशीच्या काड्या गोळा होतात, आणि नेमका शुक्रवारी संध्याकाळी हवामानाचा अंदाज कानी पडतो: मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, किमान तापमानात वाढ, कमाल तापमानात घट. आता सांगा, थंडी वाढणार की कमी होणार? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे हात एका बाजूने वर होतात, निम्मे दुसऱ्या. दोघांचेही बरोबर असते. कसे ते पाहू.

प्रथम 'तुरळक ठिकाणी' या शब्दांविषयी. पुष्कळांना वाटते, तुरळक म्हणजे थोडासा पाऊस. पण हा शब्द पावसाचे प्रमाण सांगत नाही, त्याची व्याप्ती सांगतो. त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. 'हलका' आणि 'मध्यम' हे शब्द प्रमाणाचे आहेत. २४ तासांत सुमारे २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, त्यापुढे ६४.४ मिलिमीटरपर्यंत मध्यम. म्हणजे यावलला कोरडे आणि शिरपूरला ४० मिलिमीटर, असे झाले तरी अंदाज खराच ठरतो. मध्य महाराष्ट्र हा हवामान खात्याचा उपविभाग नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेला आहे, हेही ध्यानात असू द्या. तेव्हा उपविभागाच्या अंदाजावर न थांबता आपल्या जिल्ह्याचा अंदाज व त्याचा रंग (हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल) पाहावा.

पण हिवाळ्यात आपल्याकडे पाऊस येतोच कोठून? मोसमी वारे तर ऑक्टोबरातच परतलेले असतात. याचे उत्तर पश्चिमेला, फार दूरवर आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरातून इराण, अफगाणिस्तान ओलांडून पूर्वेकडे येणाऱ्या हवेच्या लाटांना पश्चिमी चक्रावात म्हणतात. काश्मीर व हिमाचलातील बर्फ हेच आणतात. एरवी त्यांचा मार्ग आपल्या बराच उत्तरेला असतो; परंतु एखादी लाट खोल असली तर तिचे शेपूट गुजरात व अरबी समुद्रापर्यंत लोंबते. मग आपल्याकडचा वारा पालटतो आणि उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याऐवजी दक्षिण-नैर्ऋत्येकडून समुद्रावरची बाष्पयुक्त हवा येऊ लागते.

खानदेश समुद्रकाठी नाही, तरी समुद्राला अगदी पाठमोराही नाही. नकाशा उघडा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून तापी थेट सुरतेजवळ समुद्राला मिळते. मुंबईहून जळगावला येताना आगगाडीला कसारा घाट चढावा लागतो; सुरतेहून उधना-जळगाव मार्गाने सुमारे ३०० किलोमीटर या, तसा मोठा घाट लागतच नाही. रेल्वेला जी वाट सोपी, ती जमिनीलगतच्या दमट हवेलाही सोपी! दोन-तीन किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या बाष्पाला मात्र सह्याद्रीचीही अडचण नसते.

कधी समुद्र स्वतःच जवळ येतो. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' चक्रीवादळ कन्याकुमारीच्या दक्षिणेकडून लक्षद्वीपमार्गे अरबी समुद्रात गेले आणि तेथून ईशान्येकडे वळून गुजरातच्या दिशेने आले. ५ डिसेंबरला पावसामुळे मुंबईतल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. उत्तरेकडचे थंड पाणी व कोरडी हवा लागताच वादळ मोडले आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याशी पोहोचेपर्यंत त्याचे नुसते कमी दाबाचे क्षेत्र उरले. २६ नोव्हेंबर २०२३ हा तर रविवारच होता. त्या दिवशी गुजरात व उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला. निफाडकडच्या द्राक्षबागा गारांनी झोडपल्या आणि गुजरातेत विजा पडून वीसहून अधिक माणसे दगावली. हिवाळी पाऊस म्हणजे रिमझिमच, असे समजू नये. ढग गडगडू लागले की भरिताचे पातेले तिथेच सोडावे, पण झाडाखाली उभे राहू नये.

आता दिवसाच्या थंडीकडे वळू. ढगांमुळे ऊन अडते, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक मजेचे आहे. पावसाचे थेंब कोरड्या हवेतून खाली येताना काही प्रमाणात वाटेतच वाफ होतात. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८८ कॅलरी अप्रकट उष्मा लागतो, आणि तो त्या हवेतूनच घेतला जातो. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १२०० ग्रॅम, तिची विशिष्ट उष्मा ०.२४, म्हणजे तिचे तापमान १ अंशाने उतरण्यास १२०० × ०.२४ = २८८ कॅलरी काढून घ्याव्या लागतात. ५८८ ला २८८ ने भागा. घनमीटरमागे एक ग्रॅम पाणी वाफ झाले की हवा २ अंशांनी थंड होते!

समजा, दुपारी हवा २६ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के आहे. या तापमानाला घनमीटर हवेत सुमारे २४.४ ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे सध्या ९.८ ग्रॅम आहे. साडेचार ग्रॅम पाणी आणखी वाफ झाले, तर बाष्प होईल १४.३ ग्रॅम आणि तापमान उतरेल ९ अंशांनी, १७ वर. १७ अंशांच्या हवेत मावते सुमारे १४.५ ग्रॅमच. हवा जवळजवळ संपृक्त झाली; बाष्पीभवन तेथेच थांबते. म्हणून अशा दिवशी दुपारी दोन वाजताही स्वेटर काढवत नाही. त्यात कपडे ओले असतील तर वाऱ्याने अंगाची उष्णता आणखी झपाट्याने जाते.

रात्री उलटे घडते. १५ अंशांची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३९० वॅट उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे फेकत असते. निरभ्र, कोरडे आकाश त्यातले पावणेतीनशे-तीनशे वॅटच परत करते. म्हणजे चौरस मीटरला एक शंभर वॅटचा दिवा रात्रभर जळावा, तेवढा तोटा. खाली उतरलेले दाट ढग मात्र सुमारे ३६० वॅट परत पाठवतात व तोटा चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून ढगाळ रात्री पारा १२ ऐवजी १७-१८ वर अडतो. अंदाजातली 'किमान तापमानात वाढ' ती हीच.

आता खरी गोष्ट. शनिवार-रविवारी कुडकुडलेला माणूस सोमवारी ऊन पडले की सुटकेचा श्वास सोडतो. रावेर-यावलच्या केळी बागाईतदाराची काळजी मात्र तेव्हा सुरू व्हायला हवी. कारण चक्रावात पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा, गार वारा येतो आणि आकाशही मोकळे होते. पहिल्या रात्री ओल्या जमिनीमुळे धुके व दव पडते. दव पडताना अप्रकट उष्मा मोकळा होतो, त्यामुळे पारा दवबिंदूच्या आसपास रेंगाळतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हवा वाळली की दवबिंदूच खाली गेलेला असतो. मग पाऱ्याला अडवणारे कोणी नाही. मैदानी केंद्रावर किमान तापमान १० अंश किंवा कमी आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वा अधिक उतरलेले असेल, तर हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. किनाऱ्यावर याकरिता १५ अंश पुरतात.

केळी उष्ण हवेचे पीक. १० ते १२ अंशांखाली तिची वाढ थांबल्यासारखी होते, पाने पिवळी पडतात, निसवणारा घड बुंध्यातच अडकतो. त्यावर बागेभोवती शेवरी लावणे, रात्री पाणी देणे, धूर करणे असे उपाय करतात. पाण्याचा हिशेब करून पाहा. विहिरीचे पाणी २५ अंशांचे. चौरस मीटरला ४ लिटर दिले आणि ते १२ अंशांपर्यंत निवले तर ५२ किलोकॅलरी मिळतात. दहा तासांत वाटल्या तर ६ वॅटच! शंभराच्या तोट्यापुढे हे काहीच नाही. तरी उपाय खोटा नव्हे. कोरड्या मातीतील हवेच्या पोकळ्या उष्णता वर येऊ देत नाहीत. ओली माती दिवसा उष्णता साठवते व रात्री वर पोहोचवते. म्हणून पाणी पहाटे घाईने देण्यापेक्षा ते आधीच दिलेले चांगले. धुराविषयी मला शंका आहे. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीचे अवरक्त किरण त्यांतून बहुतांशी निसटतात. शेकोट्यांनी हवा ढवळली जाते व वरची थोडी उबदार हवा खाली येते, हाच त्यांचा खरा लाभ असावा.

हे सारे शाळेत मोजता येते. दोन सारखे तापमापक सावलीत टांगा. एकाच्या फुग्याभोवती ओले मलमल गुंडाळा. पाऊस मोजायला सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस त्याच वेळी संपतो. पुढच्या वेळी पावसाचा अंदाज आला की शुक्रवारपासून बुधवारपर्यंत पहाटे व दुपारी दोनला नोंदी घ्या. पाऊस पडत असताना दोन्ही तापमापकांत जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक राहील. मंगळवारी दुपारी तो सात-आठ अंशांवर गेलेला दिसला आणि झेंड्याचे टोक दक्षिणेकडे फडफडत असेल, तर घरी केळी असणाऱ्या मित्राला मधल्या सुट्टीतच सांगा.