लहान सेवाभावी संस्थांची संकेतस्थळे : अल्प खर्चातील उभारणी

रुग्णोपयोगी साहित्य विनामूल्य अथवा नाममात्र अनामत रकमेवर वापरावयास देणारी मंडळे ग्रामीण भागात ठिकठिकाणी कार्य करीत असतात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून घरी परतणाऱ्या रुग्णास चाकाची खुर्ची, वॉकर किंवा वरखाली करता येणारी खाट यांची निकड त्याच दिवशी भासते. असे साहित्य शेजारच्या गावी उपलब्ध असूनही ते कोणाकडे मागावे हे नातेवाइकांस ठाऊक नसते आणि अवघ्या काही दिवसांच्या उपयोगासाठी ते विकत घेण्याचा भुर्दंड त्यांस सोसावा लागतो. मंडळाचे संकेतस्थळ असावे ते मुख्यतः या नातेवाइकांसाठी. संस्थेचा गौरव हे त्याचे दुय्यम कार्य होय.

हा हेतू ध्यानी घेतल्यास खर्चाचा प्रश्न बव्हंशी सुटतो. कोणते साहित्य मिळते, ते कोठून व कोणत्या वेळेत न्यावे, अनामत किती, परत करण्याचे नियम काय, दूरध्वनी क्रमांक कोणता, तसेच संस्थेचा नोंदणी क्रमांक व लेखापरीक्षित हिशेब, एवढा मजकूर चार-पाच पानांत सहज मावतो. अमुक वस्तू आज शिल्लक आहे किंवा नाही, हे दररोज नोंदविणारा माणूस नसेल तर तो तपशील देऊच नये. शिळी माहिती वाचून गाडी भाड्याने करून आलेला मनुष्य रिकाम्या हाताने परत जाण्यापेक्षा त्याने आधी दूरध्वनी केलेला बरा. हलणारी अक्षरे, चित्रफिती व पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांची रांग यांचा सोस टाळावा.

स्थिर पाने पुरेशी

वर्डप्रेससारखी प्रणाली २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे व ती उपयुक्तही आहे. परंतु तिचे भाग वेळोवेळी अद्ययावत न केल्यास परक्या व्यक्तींना तीत शिरकाव करता येतो. तंत्रज्ञ हाताशी नसलेल्या संस्थेने एचटीएमएल या साध्या पद्धतीने रचलेली स्थिर पाने पसंत करावीत. संगणक विषय घेतलेला महाविद्यालयीन विद्यार्थी ती थोड्या दिवसांत तयार करू शकतो. गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस यांसारख्या सेवांवर अशी पाने विनामूल्य ठेवता येतात आणि सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठी वेगळा आकार पडत नाही.

मजकूर मात्र युनिकोडमध्येच टंकलिखित असावा. छापखान्याकडील जुन्या फाँटमधील अहवाल जसाच्या तसा उतरविल्यास पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटतात. अहवालाचे छायाचित्र चिकटविणे हाही उपाय नव्हे. अंध वाचकास मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनांना ते सहसा उमगत नाही. मोबाइलवर घेतलेली छायाचित्रे ४-५ मेगाबाइटची असतात, ती २०० किलोबाइटच्या आत आणावीत.

नाव कोणाच्या नावे?

राहता राहिला खर्च तो डोमेनचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदविलेल्या नावाचा. ‘डॉट इन’ नावास दरसाल साधारणतः ५०० ते १,००० रुपये पडतात. पहिल्या वर्षीची सवलत पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. मराठी व कोंकणीसाठी देवनागरीतील ‘डॉट भारत’ नावेही २०१४ पासून मिळतात. परंतु सर्वच ठिकाणी ती सुरळीत चालत नसल्याने रोमन नाव मुख्य ठेवणे इष्ट.

खरा धोका खर्चाचा नसून मालकीचा आहे. पुष्कळदा एखादा उत्साही तरुण स्वतःच्या नावे व स्वतःच्या ईमेलवर नोंदणी करतो, पुढे नोकरीनिमित्त गाव सोडतो, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या न उघडलेल्या टपालात पडून राहतात. मुदत व तिच्यानंतरची सवलतीची मुदत उलटली की ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. मग संस्थेच्या पावतीपुस्तकावर छापलेल्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकते, किंवा त्याहून वाईट म्हणजे संस्थेच्याच नावे देणग्या गोळा केल्या जातात. त्यात त्या तरुणाचा दोष थोडा, कार्यकारिणीचा अधिक. यास्तव नोंदणी संस्थेच्या नावे व संस्थेच्या ईमेलवर करावी, मुदतीचा दिनांक इतिवृत्तात लिहावा, संकेतशब्द मोहोरबंद लिफाफ्यात खजिनदाराकडे ठेवावा आणि नवी कार्यकारिणी निवडून आल्यावर दप्तराबरोबर तोही सुपूर्द करून बदलून घ्यावा.

देणग्या

यूपीआयची क्यूआर चौकट पानावर लावण्यास खर्च येत नाही. ती संस्थेच्या बँक खात्याचीच असावी, चिटणिसांच्या खाजगी खात्याची नव्हे.

गोव्यातील संस्थांनी येथे एका गोष्टीची विशेष दखल घ्यावी. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. ज्याने पोर्तुगीज वा अन्य नागरिकत्व स्वीकारले आहे त्याची देणगी मात्र, तो याच गावचा सुपुत्र असला तरी, विदेशी ठरते. ती स्वीकारण्यास विदेशी अंशदान (नियमन) अधिनियम, २०१० अन्वये केंद्रीय गृह मंत्रालयाकडील नोंदणी अथवा पूर्वपरवानगी आवश्यक असते आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार ती रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठराविक खात्यातच जमा व्हावी लागते. अशी नोंदणी नसलेल्या संस्थेने ‘केवळ भारतीय नागरिकांकडून देणगी स्वीकारली जाईल’ ही ओळ पानावर ठळक द्यावी, आणि ती क्यूआर चौकटीच्या खाली नव्हे, वर द्यावी.