कबुलीआधी विचारा

ब्राँक्समध्ये आमच्या मजल्यावर गिनीहून आलेलं एक कुटुंब राहतं. दुकानातल्या वादातून घरच्या कर्त्या माणसावर किरकोळ चोरीचा आरोप आला, तेव्हा कोर्टात जायचंच नाही असं त्याने ठरवलं. कोनाक्रीच्या स्टेडियममध्ये २८ सप्टेंबर २००९ रोजी सुरक्षा दलांनी दीडशेहून अधिक माणसं मारली. वर्दीचा धसका तिथलाच. इथेही वेगळं काय दिसलं? १९९९ मध्ये याच ब्राँक्समध्ये अमादू डियालो हा निःशस्त्र गिनीयन तरुण राहत्या घराच्या दारात उभा होता. त्याने काढलेलं पाकीट चार पोलिसांना पिस्तूल वाटलं. ४१ गोळ्या झाडल्या. खटला दूर ऑल्बनीला हलवला गेला आणि चौघेही पोलीस निर्दोष सुटले. शेजाऱ्यासारख्या माणसांचा अविश्वास मला अडाणीपणा वाटत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच मीही वाढले. पण इथे तारीख चुकवली की अटकेचं वॉरंट निघतं आणि पुढे गाडी साध्या कारणासाठी अडवली तरी हातात बेड्या पडतात. म्हणून त्याला समजावलं आणि मी त्याच्यासोबत गेले.

दुभाषी फ्रेंचचा मिळाला. शेजाऱ्याची भाषा पुलार, फ्रेंच कामापुरती. तरी साहेबांपुढे नाही कसं म्हणायचं, म्हणून तो प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत राहिला. मला सर्वांत धोक्याची वाटली ती ही मान. बाहेर सरकारी खर्चाने मिळालेले वकील म्हणाले, गुन्हा कबूल करा, थोडा दंड भरून आजच घरी जाल. तो तयार झाला. बायकोने मात्र विचारलं, "ग्रीन कार्डाचं काय?" वकील थबकले. पुढची तारीख घेतली, पुलारचा दुभाषी मागवला. शेवटी चोरीचा आरोप गेला आणि साध्या गैरवर्तनावर प्रकरण मिटलं.

तुमच्या ओळखीत कुणी नवखा असेल तर त्याला एवढं सांगा. पोलिसांनी अडवलं तर हात दिसतील असे ठेव, खिशात हात घालण्याआधी बोल. दुभाषी आपल्याच भाषेचा माग. त्याचे पैसे पडत नाहीत. कबुलीने देशाबाहेर जावं लागेल का, हे वकिलाला विचार. २०१० च्या पडिला खटल्यापासून तो धोका अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे. हे सगळं फौजदारी कोर्टातच विचारून घे, कारण प्रकरण इमिग्रेशन कोर्टात गेलं तर तिथे सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही.