फुटकी मत्स्यटाकी : दुरुस्त करावी की टाकावी ?

नागपूरच्या गांधीबागेसारख्या गजबजलेल्या पेठेतून काचेची टाकी खेड्याकडे नेताना वाटेतील धक्क्याने तिला तडा जाण्याचा संभव असतो. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे शाळेत दाखविण्यासाठी किंवा शोभेचे मासे वाढविण्याच्या जोडधंद्यासाठी अशी टाकी उपयोगी पडते. ती फुटली असता थोडे सिलिकोन लावून भागेल, असे प्रथम वाटते. परंतु हा निर्णय पाण्याचा भार ध्यानी घेऊनच करावा.

६० सें. मी. लांब, ३० सें. मी. रुंद व ३० सें. मी. उंच अशा टाकीत ५४ लिटर पाणी मावते. त्याचे वजन ५४ किलो होते. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. म्हणून तळाजवळील दोष सर्वांत घातक होय. रात्री टाकी फुटल्यास मासे मरतातच. शिवाय घरातील मुलांना काच लागण्याचे भय असते.

यास्तव प्रथम मासे त्याच पाण्यासह स्वच्छ टबात सावलीत ठेवावेत. नंतर टाकी कोरडी करून दोष कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे.

१. काचा शाबूत असून केवळ सांध्यातून पाणी पाझरत असल्यास दुरुस्ती अवश्य करावी.

२. वरच्या कडेचा टवका उडाला असून तडा खाली उतरला नसेल, तर कड घासून टाकी वापरता येते.

३. बाजूच्या काचेस तडा असल्यास वरून सिलिकोन लावून भरवसा ठेवू नये. तडा पुढे वाढतो. तेवढ्याच जाडीची नवी काच बसवावी.

४. तळाची काच तडकली असल्यास टाकी पाण्यासाठी बाद समजावी.

सांधा दुरुस्त करताना आतील जुने सिलिकोन चारही बाजूंनी पात्याने खरडून काढावे व काच स्पिरिटने पुसावी; कारण जुन्या सिलिकोनवर नवे नीट धरत नाही. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकोन माशांना घातक असते, ते घेऊ नये. लावल्यावर ४८ तास वाळू द्यावे. व्हिनेगरसारखा वास गेल्यानंतर टाकी अंगणात सपाट जागी, कोरड्या कागदावर ठेवून भरावी. एक दिवस कागद कोरडा राहिला तरच मासे सोडावेत.

आता खर्चाचा हिशोब. काच, सिलिकोन व मजुरी मिळून खर्च नव्या टाकीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर नवी टाकी घेणेच श्रेयस्कर. मात्र टाकी कशामुळे फुटली हे आधी शोधावे. टेबल डुगडुगते किंवा उंचसखल असेल, तर नवी टाकीही फुटेल. टाकीखाली थर्मोकोलचा पत्रा घालावा.

बाद टाकी फेकून देऊ नये. तडा चिकटपट्टीने बंद करून तीत ओलसर माती भरावी व काचेलगत बी पेरावे. मुळे कशी वाढतात, हे शेतकऱ्यांना व विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येईल.